न्हुंगचा कडक पाव

माझ्या नवऱ्याला सँडविच लागायचं ते एकाच पद्धतीचं. कडा कापलेल्या मऊ पांढऱ्या ब्रेडचे तीन तुकडे, मध्ये अंड्याची पातळ पोळी, हॅमचा एक काप, काकडीचे बारीक उभे काप आणि प्रत्येक थराला आमचं घरी घोटलेलं गोड मेयोनीज. ब्रेड भाजायचा नाही. मिरी घालायची नाही. सॉस कमी पडला तर तो तोंडाने काही म्हणायचा नाही, नुसता वरचा ब्रेड उचलून आत बघायचा आणि परत ठेवायचा. त्या उचलून बघण्याने माझ्या डोक्यात तिडीक जायची. चाळीस वर्षं मी विचारत आले, "त्येन-फू, देवाने तुला जीभ दिलीय ना?" आणि चाळीस वर्षं तो म्हणत आला, "हं."

तायपेईच्या दक्षिणेला, ज्यायी गावात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं न्याहारीचं दुकान आहे. पहाटे साडेपाचला शटर वर, अकराला खाली. मोठा लोखंडी तवा रस्त्याच्या तोंडाशी, तव्यामागे मी. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला मी 'देखण्या' म्हणते आणि प्रत्येक बाईला 'सुंदरी', मग तो देखणा सत्तर वर्षांचा, समोरचे दोन दात पडलेला का असेना. नावं लक्षात ठेवायला कोणाला वेळ आहे? माणसं मी खाण्यावरून ओळखते. आमच्या गावात हे गोड मेयोनीज सगळ्यावर घालतात, थंड नूडल्सवर आणि उकडलेल्या बांबूच्या कोंबांवरसुद्धा. तायपेईहून आलेली माणसं पहिला घास घेतात आणि माझ्याकडे बघतात.

"मालकीणबाई, हे गोड का लागतंय?"

"देखण्या, तू दक्षिणेत आलायस. इथे भांडणं तेवढी तिखट असतात."

कोपऱ्यावरच्या शिकवणीत इंग्रजी शिकवणारा एक उंच अमेरिकन आहे. तीन वर्षं तो रोज सांगतो, सॉस नको. तीन वर्षं मी रोज घालते. मग तो बाकावर बसून कागदी रुमालाने ब्रेड पुसून काढतो आणि खातो. दोघांपैकी एकही हटत नाही, आणि तरी तो दुसऱ्या दुकानात जात नाही. त्याच्या देशात म्हणे सँडविचमध्ये नुसती भुईमुगाची पेस्ट आणि मुरांबा घालतात आणि मोठी माणसं ते डब्यात नेतात. मी ऐकून घेतलं आणि त्याच्या ब्रेडवर आणखी एक चमचा सॉस घातला.

पण गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. सून घरात राहते.

न्हुंग आमच्याकडे आली त्याला अकरा वर्षं झाली. व्हिएतनाममधल्या होइआनजवळच्या एका खेड्यातली. माझा मुलगा युंग-शिन स्क्रूच्या कारखान्यात कामाला आहे, तिथेच ती यंत्रावर होती. लग्नानंतर तिने कारखाना सोडला आणि माझ्याबरोबर तव्यामागे उभी राहिली. हात चपळ, पाठ ताठ, उलट उत्तर तयार. पहिल्याच आठवड्यात मेयोनीजमध्ये मी साखर घालताना तिने बघितलं आणि विचारलं, "आई, हे अंड्याचं आहे ना? मग साखर कशाला?"

"चवीला."

"आमच्याकडे साखर कॉफीत घालतात."

तिचं सँडविच म्हणजे एक कडक पाव. बाहेरून कवच, आत पोकळ. चावला की टेबलभर चुरा. आत डुकराच्या काळजाचं वाटण, मुळा-गाजराचं आंबट लोणचं, मिरच्या, कोथिंबीर, आणि वरून माशाचा तो खारट सॉस, ज्याची बाटली उघडली की शेजारची मांजर आमच्या दारात. सुट्टीच्या दिवशी ती बाजारामागच्या तिच्या गाववाल्याच्या बेकरीतून पाव आणायची आणि स्वतःसाठी करायची. युंग-शिन खायचा. माझी आठ वर्षांची नात शिन-यी तर मिरचीने नाक गळत असताना दुसरा मागायची.

"सकाळी सकाळी पोटात मिरची?" मी म्हणायची.

"सकाळी सकाळी पोटात साखर?" न्हुंग म्हणायची.

त्येन-फूने तिचा पाव एकदाच खाल्ला. वरचा भाग उचलला, आत बघितलं, परत ठेवला आणि संपवला. आवडला की नाही ते कोणालाच कळलं नाही. मी मात्र न्हुंगला सांगितलं, "तुझ्या सासऱ्यांना नाही हो असलं झेपत."

हे माझं जुनं दुखणं आहे, सांगूनच टाकते. मला जे नको असेल ते मी त्येन-फूच्या नावावर सांगत आले. नणंदेला राहायला यायचं होतं, तर त्येन-फूला त्रास होतो. देवळाच्या वर्गणीत नाव घालायचं नव्हतं, तर त्येन-फू तयार नाही. त्याला यातलं काही विचारलेलं नसायचं. तो बाजूला बसून काकडी कापत असायचा आणि लोक त्याच्याकडे बघायचे, तेव्हा म्हणायचा, "हं."

गेल्या वर्षी शरद ऋतूत तो गेला. काकडी कापता कापताच खुर्चीत कलंडला.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, एका सोमवारी शटर खाली ओढल्यावर, न्हुंगने हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आई, एक मागायचंय. तव्याच्या डावीकडची फळी मला द्या. तिथे मी माझा पाव विकेन. स्टेशनवर आमची माणसं उतरतात, कारखान्यांतली, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका. त्यांना इथे खायला काही मिळत नाही."

अकरा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला एकदम धडकी भरली. आज फळी, उद्या अर्धा तवा, परवा पाटीवर दुसरं नाव, आणि मग या गल्लीत लोक म्हणतील, त्येन-फूचं दुकान होतं ना इथे? पण हे काही मी बोलले नाही. मी म्हटलं, "दुकान तुझ्या सासऱ्यांचं. त्यांना विचारायला हवं."

"विचारा," ती म्हणाली. "वर्षश्राद्धाला विचारा. ते नाही म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण मग मी इथे राहणारही नाही. ताओयुआनला माझी मामेबहीण पावाचं दुकान टाकतेय, तिला भागीदार हवाय. युंग-शिनला तिकडे कारखाने काय कमी आहेत? शिन-यीची शाळा बदलू."

युंग-शिन रात्रपाळी करून आलेला, तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हं."

त्यानंतरचे तीन महिने माझी झोप अर्धी झाली. तव्यावर अंडं टाकायचं आणि न्हुंगच्या हाताकडे बघायचं, हे माझं चालूच. कधी वाटायचं, देऊन टाकावी फळी. मग बाजारामागच्या बेकरीसमोरून जाताना त्या माशाच्या सॉसचा वास यायचा आणि मन परत आवळून यायचं.

वर्षश्राद्ध रविवारी होतं. दुकान बंद. दुकानामागच्या खोलीत आमचा पितरांचा देव्हारा आहे. मी पहाटेपासून उभी. अख्खी कोंबडी, तळलेला मासा, डुकराचं मांस, भाताची वाटी, त्यावर जेवायच्या काड्या आडव्या, चहा, तांदळाची दारू. आणि मधोमध त्याचं सँडविच, तीन थरांचं, प्रत्येक थराला दुप्पट सॉस. न्हुंगने फुलं लावली, फळं धुतली, एकही उलट शब्द बोलली नाही. मला ते जास्त टोचलं.

उदबत्त्या लावल्या. मी कौलाची लाकडं हातात घेतली. लाल रंगाची, चंद्रकोरीसारखी दोन, एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने फुगीर. एक उताणं, एक उपडं पडलं की होकार. दोन्ही उपडी पडली की नकार. दोन्ही उताणी पडली, सपाट अंग वर करून, की तो हसरा कौल. म्हणजे गेलेलं माणूस हसतंय, 'तुझं तुला माहीत आहे, मला कशाला विचारतेस?' मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीन होकार लागतात. आणि विचारायची रीत आमच्यात लहान मुलालाही पाठ असते. आधी स्वतःचं नाव, घरचा पत्ता. मग ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख. मग एकच प्रश्न, सरळ, फाटे न फोडता. गेलेल्या माणसाला अंदाज बांधायला लावायचं नसतं.

मी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, "त्येन-फू, मी पी-युन. आपल्याच घरातून बोलतेय, स्टेशनमागची गल्ली, सत्तावीस नंबर. आज तुझं वर्ष. तू होतास तेव्हा दुकान जसं होतं तसंच पुढे चालावं, अशी तुझी इच्छा आहे ना?"

टाकली. एक उताणं, एक उपडं.

परत टाकली. होकार.

तिसऱ्यांदा टाकली. होकार.

चाळीस वर्षांत त्याने इतकं चटकन कधी उत्तर दिलं नव्हतं. मागे न्हुंग उदबत्ती धरून उभी होती. मी वळून बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"मिळाला कौल," मी म्हटलं.

"बरं," न्हुंग म्हणाली. तिने उदबत्ती राखेत खोचली, लवून नमस्कार केला आणि जेवण गरम करायला आत गेली.

जेवलो. कोंबडीची तंगडी मी न्हुंगच्या वाटीत टाकली, तिने ती शिन-यीच्या वाटीत टाकली. सँडविच मी खाल्लं. दुप्पट सॉस होता, आणि तरी मला त्याची काही चव लागली नाही.

जिंकल्यावर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? मला बसवेना. तवा काल घासलेला होता, तो परत घासला. अंड्यांचे ट्रे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेले आणि तिकडे ऊन येतं म्हणून परत आणले. सोमवारचं मेयोनीज घोटायला घेतलं. एकाच दिशेने, संथ हाताने, तेलाची बारीक धार सोडत, डोळे मिटूनही जमायला हवं मला. फुटलं. तेल वेगळं, अंडं वेगळं. परत घेतलं. परत फुटलं. वरच्या मजल्यावर कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. न्हुंग फोनवर तिच्या भाषेत भरभर बोलत होती. अकरा वर्षांत त्या भाषेतले मला चार शब्द येतात आणि चारही खाण्याचे आहेत.

तिला 'बरं' म्हणताना रडू तरी यायला हवं होतं. भांडायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, आई, तुम्ही दुष्ट आहात. मी त्याला उत्तर तयार ठेवलं होतं. 'बरं'ला काय उत्तर देणार?

साडेतीनला युंग-शिन जिन्यावरून खाली आला. त्याच्यामागून शिन-यी, चपला घालत.

"आई, न्हुंग पाच-दहाच्या गाडीने ताओयुआनला जातेय. जागा बघायला. महिनाअखेरीला मी आणि शिन-यी जाऊ."

"आजच?"

"वर्षापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, म्हणाली. वर्ष झालं."

"आणि तू काय म्हणालास?"

"हं म्हणालो."

"बापाचंच पोर आहेस. तुम्हा दोघांच्या तोंडात काय मूग भरलेत रे? बायको घर मोडून चाललीय आणि हा हं म्हणतोय."

तो स्कूटरची किल्ली शोधत होता. किल्ली हातातच होती. मग तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू तिचं नावच घेतलं नाहीस, आई. पावाचंही नाही. बाबांना कसं कळणार तू कशाबद्दल विचारतेयस?"

"त्यांना कळतं सगळं."

"ती मागे उभी होती. तिलाही रीत माहीत आहे. अकरा वर्षं ती याच देव्हाऱ्यापुढे उभी राहते." एवढं बोलून तो शिन-यीला स्कूटरवर बसवून निघून गेला. माझ्या मुलाने आयुष्यात एका दमात इतकं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी तिथेच उभी राहिले, हाताला फुटलेलं मेयोनीज. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच माहीत होतं. प्रश्न मी मुद्दाम तसा विचारला होता. बायकोने वर्षश्राद्धाला विचारलं, दुकान होतं तसं चालावं ना, तर कुठला नवरा नाही म्हणेल? मी त्याला पुन्हा एकदा काकडी कापायला बसवलं होतं आणि माझंच म्हणणं त्याच्या नावावर खपवलं होतं. फरक एवढाच की या वेळी त्या म्हणण्यापायी माझी सून, मुलगा आणि नात घराबाहेर पडत होती, आणि मी सत्तावीस नंबरमध्ये एकटी उरणार होते.

एकदा तीन होकार मिळाले की विषय संपतो. परत विचारायचं नसतं. परत विचारणं म्हणजे वडीलधाऱ्यांना तोंडावर खोटं म्हणणं. हेही लहान मुलाला पाठ असतं. मी हात धुतले आणि देव्हाऱ्याच्या खोलीत गेले.

लाकडं उचलली आणि अडले. न्हुंगची जन्मतारीख मला माहीत नव्हती. अमेरिकनाला सॉस नको, टपालवाल्याला अंडं अर्धं कच्चं हवं, बँकेतल्या सुंदरीला काकडी चालत नाही, हे सगळं पाठ, आणि सुनेचा जन्म कधीचा ते ठाऊक नाही. खण उपसला. विजेची बिलं, त्येन-फूच्या चष्म्याचं घर, आणि सगळ्यात खाली आमच्या कुटुंबाच्या नोंदणीची वही. चष्मा लावून वाचलं. तारीख गेल्या महिन्यातली होती, सतरा. गेल्या महिन्यातला सतरा तारखेचा दिवस मला चांगला आठवत होता. हॅम करपलं म्हणून मी तिला गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. तिने मान खाली घालून तवा खरवडला होता, आणि तो तिचा वाढदिवस होता.

मी परत उभी राहिले. "त्येन-फू, मी पी-युन. पत्ता तोच. न्हुंगबद्दल विचारतेय, तुझी सून, युंग-शिनची बायको." पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, होइआनजवळचं गाव सांगितलं. "तिला तव्याच्या डावीकडची फळी हवीय. तिचा तो कडक पाव विकायला. देऊ का?"

टाकली. दोन्ही उताणी. फुगीर पाठीवर डुगडुगत राहिली, टकटक टकटक, मग थांबली.

हसरा कौल.

परत टाकली. दोन्ही उताणी.

"हसतोस काय?" मी म्हटलं. "जिवंतपणी चाळीस वर्षांत दात दाखवले नाहीस. हो म्हण नाहीतर नाही म्हण. तिची गाडी आहे."

तिसऱ्यांदा टाकली, जरा जोरातच. एक लाकूड देव्हाऱ्याच्या पायाला लागून गरगर फिरलं. मी वाकून बघितलं. उताणं. दुसरंही उताणं, डुलतंय.

मी खाली फरशीवरच बसले. मला त्याचा राग आला, इतका की समोर असता तर काकडी फेकून मारली असती. आणि मग रडू आलं. सकाळी विधी करताना आलं नव्हतं ते आत्ता आलं. तो हो म्हणणार नव्हता आणि नाहीही म्हणणार नव्हता. माझ्यासाठी बोलायचं त्याने बंद केलं होतं. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि जिन्याला चौदा पायऱ्या होत्या.

वर न्हुंगची खोली उघडीच होती. पलंगावर बॅग, बॅगेभोवती कपड्यांचे ढीग. ती शिन-यीचा एक फोटो पाकिटात ठेवत होती. मी आत गेले आणि बसायला जागा नव्हती तरी पलंगावर बसले.

"तुझ्या सासऱ्यांना परत विचारलं," मी म्हटलं. "तुझं नाव सांगून, सगळं सांगून. हो म्हणाले."

"किती वेळा?"

"तीनदा."

न्हुंगने पाकीट मिटलं. "आई, या घराचा मजला पातळ आहे. लाकडं उताणी पडली की डुगडुगतात. मला वर ऐकू येतं."

सदुसष्टाव्या वर्षी सुनेसमोर चोरी पकडली जाणं म्हणजे काय ते कोणाला सांगू नये.

"बाबांचं काय म्हणणं आहे ते मला नकोच आहे," न्हुंग म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते होते तेव्हाही मला माहीत होतं, त्यांच्या नावाने कोण बोलतं ते. ते मला कधी वाईट बोलले नाहीत. चांगलंही नाही. मी तुम्हाला विचारलं होतं. फळी तुमच्याकडे मागितली होती. तुम्ही मला गेलेल्या माणसाकडे पाठवलंत. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. नाही असेल तर नाही. मी तेही ऐकून घेतलं असतं."

बाहेर गल्लीतून गॅसवाल्याची गाडी गेली. मी माझ्या हातांकडे बघत होते. तव्याच्या वाफेने लाल झालेले, बोटांच्या पेरांवर भाजल्याचे डाग. तसेच डाग तिच्याही बोटांवर होते.

"तुझा पाव मला आवडत नाही," मी म्हटलं.

तिने पाकीट बॅगेत टाकलं.

"खोटं नाही बोलणार आता. कडक आहे. माझी कवळी हलते. तो माशाचा सॉस तर मला या जन्मी गिळवणार नाही, आणि सकाळी मिरची कोण खातं तेही मला कळत नाही. उद्याही आवडणार नाही. पण तू गेलीस तर मी शटर कोणासाठी उघडू? पहाटे पाचला जिन्यावर तुझी पावलं वाजली की मला कळतं, दिवस सुरू झाला. त्येन-फू गेल्यावर मी त्या पावलांवरच उठले, दुसऱ्या कशावर नाही. तुला वाटत असेल मी दुकान राखतेय. मी घाबरलेय, न्हुंग. तू तुझा पाव ठेवलास तर माझं काही उरणार नाही, असं वाटलं. आता तू चाललीस तर खरंच काही उरत नाही. फळी घे. मी सांगतेय. पी-युन सांगतेय, दुसरं कोणी नाही."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला देव जाणे. मध्ये दोनदा नाक पुसलं, तेही तिच्याच कुठल्या तरी कपड्याला.

न्हुंग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग ती म्हणाली, "तुम्हाला माझा पाव आवडत नाही हे मला अकरा वर्षं माहीत आहे. ते सांगायला तुम्हाला चौदा पायऱ्या चढायची गरज नव्हती. दुसरं माहीत नव्हतं."

"आता कळलं ना?"

"लोक विचारतील तेव्हा काय सांगणार? तायपेईचे, तुमचे देखणे, सुंदऱ्या? मालकीणबाई, हे काय नवीन, म्हणतील. तेव्हा सासऱ्यांची इच्छा होती म्हणून सांगाल?"

मी विचार केला. खरोखरच केला, कारण उद्या पहिलं गिऱ्हाईक साडेपाचला येणार होतं.

"सांगेन, माझ्या सुनेचा पाव आहे. मला आवडत नाही, तुम्ही खाऊन बघा."

ती वळली. डोळे लाल होते, आणि तोंडाचा एक कोपरा वर गेला होता, तो तिने दाबून धरला होता. तिने घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दोन मिनिटं. स्टेशन आमच्या दारातून चार मिनिटांवर आहे. ती पलंगापाशी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाजूला व्हा, आई. माझ्या कपड्यांवर बसलायत तुम्ही."

मी उठले. माझ्याखाली चुरगळलेला तिचा निळा सदरा तिने ओढून काढला, दोनदा झटकला, बाहीला माझ्या एप्रनवरून लागलेला मेयोनीजचा डाग बघून नाक मुरडलं आणि परत कपाटात अडकवला.